स्टार ट्रेक: ट्रिबलची धमाल की स्पॉकची टोलेबाजी?

ब्रह्मपुरीकडे दंडार हे लोकनाट्य पाहत वाढलेल्या आपल्या माणसांना ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळयानावरची अमेरिकी टीव्ही मालिका दाखवायची, तर मी १९६७ चा ट्रिबलचा भाग आधी लावीन. ट्रिबल नावाचे केसाळ गोळ्यांसारखे प्राणी भराभर वाढतात, कोठारातलं धान्य फस्त करतात आणि कोठार उघडताच कॅप्टन कर्क त्यांच्याखाली गाडला जातो! भाषा न कळणारी आजीही हसेल. शिवाय ते प्राणी मेले म्हणूनच धान्यात विष असल्याचं उघड होतं. विनोदच कथा पुढे नेतो.

कर्कचे सहकारी स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय यांची टोलेबाजी वेगळी. एक तर्काला चिकटलेला, दुसरा तापट. तिची गोडी त्यांची मैत्री कळल्यावरच लागते. चार-सहा भाग तरी हवेत. मला स्वतःला तीच जास्त आवडते. पण धानकापणीनंतर अंगणात सगळा मोहल्ला जमला, तर ट्रिबलच.