स्लॅबसाठी डीप जंक्शन बॉक्स : तपकीर गल्लीतील खरेदी आणि मापाचा विचार

पुण्यात धायरीला चालू असलेल्या आमच्या घराच्या बांधकामासाठी पीव्हीसीचे जंक्शन बॉक्स, म्हणजे विजेच्या वायरींचे पाइप जिथे एकत्र येतात ते डबे, बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतून घेतले. दुकानाच्या मालकांनी दर सांगण्यापूर्वी प्रत्येक डब्यात किती पाइप येणार, त्यांतून कोणत्या जाडीच्या किती वायरी जाणार आणि डबा स्लॅबमध्ये बसणार की भिंतीत, हे विचारून घेतले. डबा निवडायला हीच माहिती लागते, आणि '२० एमएमचा बॉक्स द्या' एवढ्या मागणीतून ती पुढे येत नाही. २० किंवा २५ हे पाइपाचे माप आहे. डब्याच्या पोटात जागा किती, हे त्यावरून कळत नाही.

स्लॅबसाठी आम्ही डीप, म्हणजे जास्त खोलीचे, बॉक्सच घेतले, आणि माझ्या मते तिथे दुसरा पर्याय नाही. डबा सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅब ओतण्यासाठी खालून लावलेल्या साच्याच्या, प्लेटवर पालथा बसतो. सळ्या मात्र त्यांच्याखाली काँक्रीटचा २० मिमी थर (कव्हर) सोडून वर असतात, आणि १० मिमीच्या सळ्यांचे दोन थर धरले की त्यांवरून येणारा पाइप प्लेटपासून ४० मिमी उंचीवर असतो. उथळ डब्याचे पाइप शिरायचे तोंड त्याच्या खाली राहते, म्हणून पाइप ओढूनताणून वाकवावा लागतो आणि पुढे वायर नेमकी त्या वाकात अडकते. डीप बॉक्सची तोंडे वर असल्यामुळे पाइप सरळ आत शिरतो.

जागेचा हिशोब करायला अमेरिकेच्या वायरिंग संहितेतील रीत मला उपयोगी वाटते. आपल्या १.५ आणि २.५ चौरस मिमीच्या मधोमध येणाऱ्या १४ गेजच्या प्रत्येक वायरीला तिथे २ घन इंच, म्हणजे सुमारे ३३ घन सेंमी जागा धरतात. चारपर्यंत अर्थिंगच्या वायरी मिळून एकच मोजतात. आतून ६५ मिमी व्यासाच्या आणि ६० मिमी खोल डब्यात जवळपास २०० घन सेंमी जागा मिळते. दोन पाइपांतून फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग येऊन डब्यात जोड होणार असतील, तर पाच वायरींची १६५ घन सेंमी जागा त्यात बसते. खोली ४० मिमी असेल, तर जेमतेम १३३ मिळतात. तिसरा पाइप आला की गरज २३१ वर जाते आणि डीप बॉक्सही अपुरा पडतो. अशा ठिकाणी आम्ही मोठा चौकोनी डबा घेतला. फेज-न्यूट्रलचे लूपिंग, म्हणजे एका ठिकाणाहून पुढच्या ठिकाणी वायर नेण्याचे जोड, स्विचबोर्डातच करून घेणे हा त्याहून चांगला मार्ग आहे. कोंबलेल्या जोडावर झाकण दाबून बसवले की वायरीचे आवरण चेपते, जोड सैल होतो आणि तिथे उष्णता साठते.

घेतलेल्या डब्यांच्या भिंती जाड आहेत, पाइप तोंडात घट्ट बसतो आणि काँक्रीट ओतताना एकही डबा चेपला नाही. झाकणे मात्र पातळ असून स्क्रू थोडा जास्त आवळताच वाकतात, म्हणून ती वेगळी घ्यावीत. पंख्यासाठी यांतला एकही डबा वापरू नये. तिथे लोखंडी हुकाचा फॅन बॉक्सच लागतो. पीओपीचे सीलिंग करायचे असेल, तर जोड असलेल्या प्रत्येक डब्याखाली उघडता येणारी झडप ठेवायला कारागिराला आधीच सांगावे.