जपान घ्यावा की इराक? शोधनिबंधाआधी एक तुलना

युद्धानंतर बसलेल्या सरकारवर परकीय अधिकाऱ्यांची किती चालते, या विषयावर शोधनिबंध करायचा म्हटला की बहुतेकांची निवड दोन देशांवर येऊन अडते: १९४५ ते १९५२ चा जपान आणि २००३-०४ चा इराक. दोन्हीकडे अमेरिकाच होती, म्हणून ते सारखे वाटतात. पण अभ्यासाला बसलात की फरक पहिल्याच आठवड्यात जाणवतो.

जपानमध्ये ताबा सांभाळणारे अमेरिकन सेनापती जनरल मॅकआर्थर यांनी मंत्रिमंडळ, संसद, नोकरशाही, सम्राटसुद्धा जागेवर ठेवले. हुकूम टोकियोतल्या दाई-इची इमारतीतून, म्हणजे त्यांच्या मुख्यालयातून सुटत, अंमलबजावणी जपानी खाती करत. सैन्य जपानचेही मोडले, पण तेही जपानच्याच खात्यांकडून. इराकमध्ये उलटे झाले. अमेरिकेने नेमलेले प्रशासक पॉल ब्रेमर १२ मे २००३ ला बगदादला पोचले. १६ मे च्या पहिल्या आदेशाने सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षाचे वरचे लोक सरकारी नोकरीतून गेले, २३ मे च्या दुसऱ्याने सैन्यच बरखास्त. हुकूम पाळणारी यंत्रणाच आधी मोडली, आणि मग शंभर आदेश काढले! जुलैत नेमलेल्या २५ इराकींच्या नियामक परिषदेचे अध्यक्षपद दरमहा नऊ जणांत फिरत राहिले. शेवटची सही ब्रेमर यांचीच.

वरवर पाहता इराकमधला हस्तक्षेप जास्त उघड, म्हणून जास्त खोल वाटतो. मला ते पटत नाही. कारण राज्यघटना पाहा.

जपानच्या मंत्रिमंडळाचा मसुदा फारच जुन्या वळणाचा निघाला, तेव्हा मॅकआर्थर यांच्या शासन विभागाने फेब्रुवारी १९४६ मध्ये जेमतेम आठवड्यात स्वतःचा मसुदा लिहिला आणि १३ तारखेला परराष्ट्रमंत्री योशिदा व मंत्री मात्सुमोतो यांच्या हाती ठेवला. विवाहातल्या समानतेचे कलम लिहिणारी बिआते सिरोटा २२ वर्षांची होती. टोकियोत वाढलेली, जपानी अस्खलित बोलणारी. जपानी बाजूने घासाघीस केली, एका सभागृहाची दोन सभागृहे करून घेतली, पण सांगाडा परक्यांचाच राहिला. ३ मे १९४७ ला अमलात आलेल्या या घटनेत आजवर एकही दुरुस्ती झालेली नाही.

इराकमध्ये ब्रेमर यांना हे जमलेच नाही. घटना लिहिणारे निवडून आलेलेच हवेत, असा फतवा इराकमधले वरिष्ठ शिया धर्मगुरू आयातुल्ला सिस्तानी यांनी जून २००३ मध्येच काढला होता, आणि त्यापुढे अमेरिकेला आपले वेळापत्रक बदलावे लागले. डिसेंबर २००३ मध्ये नियामक परिषदेने कौटुंबिक कायदा शरियतकडे नेणारा ठराव केला. ब्रेमर यांनी सही केली नाही आणि तो पुढे मागे घेतला गेला. पण २००५ च्या घटनेत ४१ व्या कलमाच्या रूपाने तोच मुद्दा परत आला, आणि जानेवारी २०२५ मध्ये संसदेने त्या दिशेने कायदा बदलला. एकीकडे परकीयाने लिहिलेले कलम टिकले, दुसरीकडे परकीयाने अडवलेले वीस वर्षांनी मंजूर झाले. मला विचाराल तर निबंधाचा खरा गाभा इथेच आहे.

सरकार कोण चालवणार, यात मात्र दोन्हीकडे अमेरिकेचा हात सारखाच दिसतो. मे १९४६ मध्ये पक्षनेते हातोयामा इचिरो पंतप्रधान होण्याच्या बेतात असताना मॅकआर्थर यांच्या प्रशासनाने त्यांना सार्वजनिक जीवनातून बाद केले आणि योशिदा आले. इराकमध्ये हंगामी पंतप्रधान अयाद अल्लावी यांच्याकडे २८ जून २००४ ला, ठरल्या तारखेच्या दोन दिवस आधी, एका छोट्या समारंभात सत्ता सोपवली. हातोयामा १९५४ मध्ये पंतप्रधान झालेच, ही गोष्ट निबंधात विसरू नका.

आता साधनांचे. जपानच्या घटनेचे मसुदे आणि टिपणे तिथल्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवली आहेत, त्यातली बरीच मूळ इंग्रजीतच आहेत. इराकसाठी ब्रेमर यांचे आदेश आणि इराक युद्धाच्या चौकशीचा ब्रिटनचा २०१६ चा चिलकॉट अहवाल हाताशी आहेत, पण परिषदेच्या आतली इराकी बाजू अरबीशिवाय नीट कळत नाही.

हाताशी सहा महिने आणि भाषा फक्त इंग्रजी असेल, तर जपानच घ्या, तोही सात वर्षांचा नको. फेब्रुवारी ते नोव्हेंबर १९४६, म्हणजे घटना घडण्याचा काळ, एवढाच. अरबी येत असेल तर मात्र मी डोळे झाकून इराक सांगेन: फक्त तो डिसेंबर २००३ चा ठराव घ्यायचा आणि २०२५ पर्यंत त्याचा माग काढायचा.