क्री-स्क्रल युद्ध : लढाई दूरची, संशय घरातला

दोन परग्रहीय संस्कृतींचे हाडवैर आणि त्यात विनाकारण सापडलेली माणसे, हे विज्ञानकथेच्या कॉमिक्समध्ये आता चांगलेच रुळलेले कथासूत्र आहे. ते रुळवण्यात ज्या थोड्या मालिकांचा मोठा वाटा आहे, त्यांत मार्व्हलच्या ‘ॲव्हेंजर्स’ या महानायकांच्या संघावरील नियतकालिकाचे ८९ ते ९७ हे नऊ अंक अग्रभागी येतात. मुखपृष्ठावरील तारखांनुसार जून १९७१ ते मार्च १९७२ या काळात क्रमशः आलेली ही कथा पुढे ‘क्री-स्क्रल वॉर’ या नावाने एका खंडात अनेकदा छापली गेली. लेखन रॉय थॉमस यांचे आहे, तर चित्रे आळीपाळीने सॅल बुसेमा, नील ॲडम्स आणि जॉन बुसेमा यांची आहेत. पन्नास वर्षांहून जुन्या या खंडाची कीर्ती ज्या कारणासाठी आहे आणि तो आज ज्या कारणासाठी वाचावा, ती दोन कारणे मात्र एक नाहीत.

कथेचा नकाशा भव्य आहे. क्री साम्राज्य मोठा मॅगेलॅनिक मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत वसलेले आहे, म्हणजे खऱ्या खगोलशास्त्रानुसार आपल्यापासून सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर. रूप पालटण्याची कला अवगत असलेल्या स्क्रलांचे साम्राज्य त्याहून कितीतरी दूर, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरच्या देवयानी दीर्घिकेत आहे. या दोघांच्या वैरात पृथ्वीला महत्त्व येते ते तिच्या स्वतःच्या गुणांमुळे नव्हे, तर केवळ जागेमुळे. दोन गावांच्या तंट्यात शिवेवरच्या शेताची जी गत होते, तीच इथे पृथ्वीची होते. एकदा वाचकाने हे मान्य केले, की प्रकाशवर्षांचा हिशेब थॉमस कधीच काढत नाहीत. लक्षावधी प्रकाशवर्षांचे अंतर यानांतून पाहता पाहता कापले जाते आणि विज्ञानाची काटेकोर चाड असलेल्या वाचकाला इथे फार काही हाती लागत नाही.

सुरुवातीचे तीन अंक तसे नेहमीच्या वळणाचे आहेत. मार-व्हेल हा पृथ्वीवर हेरगिरीसाठी आलेला आणि पुढे माणसांच्याच बाजूने उभा राहिलेला क्री अधिकारी, आणि रिक जोन्स हा त्याच्याशी नशिबाने बांधला गेलेला तरुण. या दोघांपासून गोष्ट सुरू होते. क्री सत्ता बळकावणारा रोनन मानवजातीला उत्क्रांतीच्या मागच्या पायरीवर ढकलण्याचा डाव टाकतो. हा डाव उधळला जातो तो नायकांच्या पराक्रमापेक्षा स्क्रलांनी क्री प्रदेशावर चढाई केल्याची बातमी आल्यामुळे, आणि रोननला हातातले काम अर्धवट टाकून परतावे लागते. वाचताना हा प्रसंग काहीसा फुसका वाटतो, पण थोडा विचार केला तर मालिकेतील हे एक नेमके निरीक्षण आहे: ज्यांच्या युद्धात आपण सापडलो आहोत, त्यांच्या लेखी आपला विनाश हेदेखील दुय्यम काम आहे.

मालिका खरी उभी राहते ती चौथ्या अंकात, आणि तिथे एकही अंतराळयान नाही. ध्रुवीय प्रदेशातील क्री तळावर घडलेले प्रकरण गुप्त ठेवण्याचे वचन दिलेले शास्त्रज्ञ तोंड उघडतात, वर्तमानपत्रांत मथळे झळकतात आणि परग्रहवासी आपल्यातच मिसळून राहत आहेत ही भीती वणव्यासारखी पसरते. क्रॅडॉक नावाचा राजकारणी परग्रहीय हालचालींची चौकशी करणाऱ्या आयोगाचा प्रमुख म्हणून पुढे येतो आणि काल ज्यांचा जयजयकार झाला, त्याच नायकांना मार-व्हेलला आश्रय दिल्याबद्दल जाब विचारला जातो. १९५० च्या दशकात सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी आणि अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीने कम्युनिस्टांच्या शोधात जे वातावरण निर्माण केले होते, त्याचे हे सरळसरळ प्रतिबिंब आहे. ही पाने छापली जात असताना व्हिएतनामचे युद्धही चालूच होते, त्यामुळे देशभक्तीची कसोटी कोण आणि कोणावर लावतो हा प्रश्न त्या वेळच्या वाचकाला मुद्दाम समजावून सांगण्याची गरज नव्हती.

या भागात सॅल बुसेमा यांची चित्रे साधी, काहीशी ठरावीक साच्यातली आहेत, आणि तीच इथे उपयोगी पडतात. जमावाचे चेहरे अक्राळविक्राळ नाहीत. ते शेजाऱ्यापाजाऱ्यांचे चेहरे आहेत. ॲव्हेंजर्सच्या ज्या निवासस्थानासमोर एरवी चाहत्यांची गर्दी होत असेल, तिथे लोक दगड भिरकावत आहेत आणि आत उभ्या असलेल्यांना बाहेर जाऊन काय बोलावे हेच सुचत नाही. आकाशगंगांच्या संग्रामाचे वर्णन करायला थॉमस यांना विशेषणांच्या माळा लागतात. एका शहरातील लोकांचे मन फिरल्याचे सांगायला मात्र त्यांना मोजकीच वाक्ये पुरतात. मालिकेचे बळ कुठे आहे याचा याहून चांगला पुरावा नाही.

म्हणूनच पुढे या क्रॅडॉकचे जे केले आहे, ते खटकते. शेवटच्या अंकात त्याचे सोंग सर्वांसमोर गळून पडते आणि तो स्वतःच वेष पालटलेला स्क्रल निघतो. खवळलेला जमाव त्याच्यावर तुटून पडतो. कथानकाची गाठ म्हणून हे चतुर आहे यात शंका नाही. पण त्यामुळे चार-पाच अंक जो प्रश्न माणसांना विचारला जात होता, तो एका फटक्यात परग्रहावर ढकलला जातो. द्वेष पसरवणारा माणूस नव्हताच, तो तर शत्रूचा हस्तक होता, असे म्हटले की सुटकेचा निःश्वास टाकायला सगळे मोकळे. दगड मारणारे हात मात्र माणसांचेच होते, आणि आधी ते नायकांवर उठले होते व शेवटी एका स्क्रलवर उठतात एवढाच काय तो फरक, हे पानावर अगदी स्पष्ट दिसत असूनही निवेदन त्याविषयी चकार शब्द काढत नाही. तो विचार लेखकाने जाणूनबुजून वाचकावर सोपवला, की त्याच्या लक्षातच आला नाही, हे सांगणे अवघड आहे. माझा कौल दुसऱ्या शक्यतेकडे झुकतो.

९३ व्या अंकापासून नील ॲडम्स येतात आणि पान बदलते. त्यांच्या आधीच्या अंकांत चौकटी शिस्तीत एकाखाली एक बसलेल्या आहेत; ॲडम्स त्या तिरप्या करतात, उंच ताणतात, प्रकाश खालून टाकून चेहऱ्यांना जडपणा देतात. टॉम पामर यांची शाई, म्हणजे पेन्सिलीच्या चित्रावर गिरवलेल्या अंतिम रेषा, त्या रेखाटनाला छायाचित्रासारखी खोली देते. या अंकातील सर्वांत गाजलेला प्रसंग युद्धाशी जवळजवळ असंबद्ध आहे. ॲव्हेंजर्सपैकी व्हिजन हा कृत्रिम मानव अचानक कोसळतो आणि त्याला काय झाले हे पाहण्यासाठी अँट-मॅन मुंगीएवढा होऊन त्याच्या मुखावाटे शरीरात उतरतो. पुढची पाने म्हणजे एका अनोळखी जगाचा प्रवासच आहे: तंतूंची जंगले, पोकळ्या, कडे, आणि परक्या जीवाची चाहूल लागताच शरीराचे रक्षण करायला धावून येणाऱ्या, रोगप्रतिकारक पेशींसारख्या वस्तू. मुंगीची पाठ आणि तिच्यावर बसलेला माणूस यांचे परस्पर प्रमाण ॲडम्स कुठेही ढळू देत नाहीत, त्यामुळे ती पोकळी खरोखर प्रचंड वाटते. दोन दीर्घिकांमधील युद्ध दाखवायला निघालेल्या मालिकेत विश्वाच्या अफाटपणाची जाणीव सर्वांत तीव्रतेने होते ती एका देहाच्या आत, हे गमतीचे आहे. कथानकाच्या दृष्टीने ही पाने वगळली तरी फारसे अडणार नाही, आणि तरीही संपूर्ण खंडातून एकच भाग जवळ ठेवायचा झाला तर मी हाच ठेवीन.

याच अंकात गायींचे प्रकरण आहे आणि नव्या वाचकाला ते समजावून सांगणे भाग आहे. १९६२ च्या जानेवारीची तारीख असलेल्या ‘फँटॅस्टिक फोर’च्या दुसऱ्या अंकात स्क्रल प्रथम अवतरले होते आणि त्यांतील काहींना संमोहित करून, आपण गायीच आहोत असे त्यांच्या मनावर बिंबवून, कुरणात चरायला सोडून देण्यात आले होते. जवळजवळ दशकभर मागे पडलेला हा विनोदी शेवट थॉमस उकरून काढतात आणि त्याच गायींना पुन्हा सैनिक करून उभे करतात. ज्यांना जुने अंक ठाऊक आहेत त्यांना यात मोठी मौज वाटते. ज्यांना ठाऊक नाहीत त्यांना तळटीपांवर अवलंबून राहावे लागते. पुढे गुप्त वंशाच्या इनह्यूमन्सचे उपकथानक येते तेव्हा ही अडचण वाढते, कारण त्याचा अर्धा धागा दुसऱ्याच नियतकालिकात विणला गेला होता. तरी त्यातील एक कल्पना मूळ विषयाला पोषक आहे: क्रींनी फार पूर्वी पृथ्वीवर येऊन माणसांवर प्रयोग केले आणि त्यातून हा वंश घडला. म्हणजे ज्यांना आपण नुकतेच भेटलो असे माणसे समजतात, त्यांनी माणसांना केव्हाच हाताळून ठेवलेले असते.

आता ज्या युद्धाचे नाव खंडाला मिळाले आहे, त्याविषयी. ते फारसे दिसतच नाही. ९६ व्या अंकात स्क्रल ताफ्याशी झुंज आहे आणि ती डोळ्यांचे पारणे फेडणारी आहे, पण क्री आणि स्क्रल मुळात का लढतात, हे नऊ अंक वाचून झाल्यावरही कळत नाही. क्रींच्या बाजूला निदान काही सामाजिक पोत आहे: निळ्या कातडीचे मूळ क्री सत्तेवर आणि मार-व्हेलसारखे गोऱ्या वर्णाचे क्री हिणवले जाणारे, असा वर्णभेद त्यांच्यात मुरलेला आहे. स्क्रलांच्या वाट्याला मात्र एक कपटी सम्राट, एक हळवी राजकन्या आणि हिरव्या चेहऱ्यांची फौज यापलीकडे काही येत नाही. २०१९ च्या ‘कॅप्टन मार्व्हल’ चित्रपटात निर्वासित झालेले स्क्रल पाहून जे या खंडाकडे वळतील, त्यांना तो दुसरा दृष्टिकोन इथे सापडणार नाही.

वैराचे मूळ कारण सांगितले गेले ते १९७५ मध्ये, याच नियतकालिकाच्या १३३ व्या अंकापासून, स्टीव्ह एंगलहार्ट यांच्या लेखणीतून. त्यानुसार स्क्रल एके काळी व्यापारी वृत्तीचे आणि शांत होते. हाला या ग्रहावरील क्री आणि वनस्पतिरूप कोटाटी या दोन वंशांपैकी पात्र कोण हे ठरवण्यासाठी त्यांनी एक स्पर्धा लावली. क्रींनी पृथ्वीच्या चंद्रावर एक नगर उभारले, कोटाटींनी बाग फुलवली. कौल बागेच्या बाजूने जाताच क्रींनी कोटाटींची आणि पाहुण्या स्क्रलांचीही कत्तल केली आणि त्यांचे तंत्रज्ञान लुटले. युद्धाला असा आरंभ मिळाला की दोन्ही बाजू एकदम जिवंत होतात. मूळ मालिकेत याचा दहावा हिस्सा जरी असता, तरी पृथ्वीच्या धोक्याला अधिक वजन आले असते. ब्रायन के. व्हॉन आणि फिओना स्टेपल्स यांच्या २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘सागा’मध्ये ग्रह आणि त्याचा उपग्रह एकमेकांचा नाश करू शकत नाहीत, कारण एक नष्ट झाला तर दुसरा कक्षेबाहेर फेकला जाईल, म्हणून ते आपले युद्ध इतरांच्या भूमीवर नेतात. तिथे परक्यांच्या अंगणात लढाई का पोहोचते याचे उत्तर युद्धाच्या रचनेतच आहे. इथे ते केवळ नकाशावरच्या जागेत आहे.

शेवट तर आणखी वादग्रस्त. जॉन बुसेमा यांनी चितारलेल्या ९७ व्या अंकात क्रींची सर्वोच्च प्रज्ञा, म्हणजे मृत क्री मेंदूंच्या संयोगातून बनलेली महाबुद्धी, रिक जोन्समधील सुप्त शक्ती जागवते. रिक लहानपणी वाचलेल्या कॉमिक्समधील १९४० च्या दशकातले नायक मनातून साकार करतो आणि मग दोन्ही सैन्यांना जागच्या जागी थिजवून टाकतो. युद्ध संपते. ज्या नायकांच्या नावाने हे नियतकालिक निघते, ते त्या निर्णायक क्षणी जवळपास प्रेक्षकच असतात. कॉमिक्स वाचत वाढलेल्या मुलाच्या कल्पनाशक्तीला दिलेली ही मानवंदना म्हणून काही समीक्षक या शेवटाची पाठराखण करतात आणि त्यात तथ्य आहे. मार-व्हेल आपली जीवनशक्ती देऊन मरणाच्या दारात पोहोचलेल्या रिकला वाचवतो तो क्षण हृद्यही आहे. परंतु दोन संस्कृतींमधील वैर एका मुलाच्या इच्छेने गोठवले, तर ते मिटले असे म्हणता येत नाही, आणि मालिका ते मिटल्याच्या थाटात पडदा पाडते.

स्त्री पात्रांची उपेक्षा त्या काळाला साजेशी आहे. संघातील नायिका स्कार्लेट विच बराच काळ कैदेतच काढते. मात्र तिच्या काळजीने व्हिजन एका स्क्रल अधिकाऱ्याला मारत सुटतो आणि यंत्रासारख्या शांत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्याचे भान पार हरपते, ती चौकट चटका लावते. परग्रहवासी आणि माणूस यांच्यातील भेदावर एवढे रामायण घडत असताना, त्यांपैकी कोणताच नसलेला व्हिजनच सर्वांत मानवी दिसतो.

खंड घेताना छपाईकडे लक्ष द्यावे. मूळ रंग खरखरीत वर्तमानपत्री कागदासाठी योजलेले होते. गुळगुळीत पांढऱ्या कागदावर ते भडक वाटतात आणि पामर यांच्या शाईतील बारकावे दबतात, त्यामुळे मंद पोताच्या कागदावरची आवृत्ती मिळाल्यास ती निवडावी. एकटाकी वाचनासाठी हे पुस्तक नाही. मासिकाच्या प्रत्येक अंकासाठी मागची गोष्ट पुन्हा सांगावी लागत असल्याने निवेदनाचे चौकोन फार बोलतात आणि सलग वाचताना कंटाळा येतो. दिवसाला एक अंक हा वेग त्याला मानवतो. ज्यांना केवळ अंतराळयुद्ध हवे आहे त्यांनी ९३ आणि ९६ हे दोनच अंक वाचले तरी चालेल. युद्धाची नुसती बातमी आल्यावर माणसांचे काय होते हे ज्यांना पाहायचे आहे, त्यांनी ९२ वा अंक आधी काढावा आणि मग पहिल्या पानाकडे वळावे.