कागदी पॉपी : छोटीशी वस्तू, मागे आख्ख्या आयुष्याचं काम

नोव्हेंबरात ब्रिटनमधे लोक युद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणीत कोटाला लावतात ती कागदी पॉपी (लाल खसखशीचं फूल) घेतली. 2023 पासून प्लॅस्टिकचं देठ गेलं, आता लाल पाकळ्या, हिरवं पान सगळं कागदच, छान हलकी आहे. पण खरं भारी वाटतं ते मेजर जॉर्ज हाउसन यांचं काम. पहिल्या महायुद्धात लढले, मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळालं, आणि 1922 ला जखमी सैनिकांसाठी पॉपीचा कारखाना काढला, सुरुवातीला पाचच माणसं, आणि पॉपीची रचनाच अशी की एक हात गमावलेल्यालाही ती जोडता यावी, म्हणजे हाताला हक्काचं काम! 1936 ला ते गेले, पण संस्था आजही माजी सैनिकांना नोकरी मिळवायला मदत करते. पॉपीला ठराविक किंमत नाही, देणगीच्या डब्यात मनासारखे पैसे टाकायचे, हात आखडू नका प्लीज.