वदरिंग हाइट्स: पिक्चर देखणाय, पण अर्धीच गोष्ट सांगतो

जालन्याहून खास संभाजीनगरला जाऊन बघितला. एमएला एमिली ब्राँटेची ही कादंबरी होती आम्हाला, कॅथरिन आणि तिच्या घरी वाढलेला हीथक्लिफ यांच्या प्रेमाची, तेव्हापासून तीनदा वाचलीय, त्यामुळं एमराल्ड फेनेलनी त्यावर पिक्चर काढलाय म्हणल्यावर घरी बसवंना, धाकट्या बहिणीलापण सोबत नेलं.

दिसायला लई भारी आहे. इंग्लंडमधल्या यॉर्कशरचे उजाड माळ, धुकं, वारं, आणि कॅथरिनच्या खोलीच्या भिंती तर तिच्या कातडीसारख्या केल्यात, बघताना अंगावर काटा येतो. कॅथरिन झालेल्या मार्गो रॉबीचं काम चांगलंय पण मला इझाबेला झालेली ॲलिसन ऑलिव्हर जास्त आवडली. आणि लहानपणचा हीथक्लिफ, ओवेन कूपर, नुसत्या नजरेनं बोलतो पोरगं.

पण हीथक्लिफ गोरा का? १८४७ च्या पुस्तकात तो सावळा आहे, कॅथरिनच्या बापाला लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेला, कुणाचा कोण माहीत नाही, आणि शेजारच्या श्रीमंत लिंटनच्या घरी त्याला बघून लास्करचं पोरगं असेल म्हणतात. लास्कर म्हणजे जहाजावर खलाशी म्हणून गेलेले आपल्याकडचेच लोक! कॅथरिनचा बाप गेल्यावर तिचा भाऊ हिंडली हीथक्लिफचं शिकणं बंद करतो, सालगड्यासारखं राबवतो, आणि मग याच्याशी लग्न केलं तर मी खाली येईन असं कॅथरिन म्हणते ना, ते अर्धंच ऐकून तो निघून जातो. वाड्यातली पोरगी आणि रानात राबणारं पोरगं, मराठवाड्यातल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. पिक्चरमधी हिंडलीच काढून टाकलाय, मारहाण बापाच्या वाट्याला दिलीय, हीथक्लिफ झालेला जेकब एलॉर्डी उंच, गोरा, देखणा, मग तिनं त्याला नाकारलं का तर नुसत्या पैशासाठी असंच वाटतं. जातीसारखं जे काही होतं ते गेलं आणि उरलं काय तर ओढ आणि पावसात भिजणं.

दुसरं म्हणजे कॅथरिन मेली की पिक्चर संपतो. याच कादंबरीवरच्या १९३९ च्या पिक्चरमधीपण पुढची पिढी काढून टाकलेली. पुस्तकात ती अर्ध्यातच जाते हो, आणि मग हीथक्लिफ हिंडलीच्या पोराला, हेअरटनला, तसंच अडाणी ठेवतो जसं त्याला ठेवलं होतं. आपल्यावर झालेला अन्याय दुसऱ्याच्या लेकरावर काढायचा, हे वाचताना मला दरवेळी रडू येतं, कारण हीथक्लिफला सगळं कळत असतं.

प्रेमाचा पिक्चर म्हणून बघायचा असला तर थेटरातच बघा, मोबाईलवर ते माळ दिसणार नाहीत. मी पाचपैकी अडीच देईन.

येताना एसटीत बहीण म्हणली, ताई, पुस्तकात पुढं काय होतं? मग बदनापूर येईस्तोवर तिला हेअरटनचंच सांगत होते, कॅथरिनची पोरगी आधी त्याला वाचता येत नाही म्हणून हसते आणि मग तीच त्याला शेजारी बसवून अक्षरं शिकवते ते.