दाढेच्या आधी शुगर विचारणारा दवाखाना, माझ्याकडून पाच स्टार

आमच्या नानांना 14 वर्षांपासून शुगर आहे, आम्ही पारोळ्याचे. दिवाळीनंतर त्यांची खालची दाढ लय दुखायला लागली म्हणून जवळच एका ठिकाणी काढून घेतली. तिथे शुगर आहे का, किती आहे, गोळ्या कुठल्या चालू आहेत, कोणी काही विचारलंच नाही, दाढ काढली, कापूस दाबायला दिला आणि घरी पाठवलं. दोन-तीन आठवड्यात हिरडी वरून भरून येते ना साधारण, नानांचा खड्डा महिना उलटला तरी उघडाच. तोंडाला वास, सकाळी उशीच्या अभ्र्यावर पिवळट डाग. कळण्याची भाकरी सुटली, चहात बुडवून टोस्ट नाहीतर दूधपाव, एवढंच जायचं पोटात आणि त्यानं शुगर अजून वर. मला ते बघवत नव्हतं खरं सांगतो.

मग जळगावला या मॅडमकडे आणलं. पहिल्या दिवशी तोंड उघडा म्हणायच्या आधी त्यांनी फाइल मागितली, तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट जुना निघाला तर नवीन करायला लावला, 10.2 आली. नाना उपाशीपोटी आले होते, रक्त काढतील या भीतीनं. मॅडम म्हणाल्या काका गोळी घेतलीये आणि पोटात काही नाही, शुगर एकदम खाली जाईल, आधी खाली जाऊन पोहे खाऊन या. नाना पोहे खाऊन वर येईपर्यंत त्यांनी मशीनला हात लावला नाही.

नंतर मला शेजारी बसवून समजावलं. शुगर सतत जास्त असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी ढिल्या पडतात, बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात म्हणून जखमेपर्यंत रक्त नीट पोचत नाही आणि नवीन मास ज्याच्यावर धरतं त्या कोलॅजनला साखर चिकटून ते कडक, कमजोर होतं. त्यामुळे सूज उतरतच नाही, महिनोन्‌महिने धुमसत राहते आणि दाताखालचं हाड खाते. आणि उलटंही असतं हे मला पहिल्यांदा कळलं, हिरड्यांची सूज रक्तात असे घटक सोडते की इन्सुलिन नीट काम करत नाही, म्हणजे शुगरनं हिरड्या खराब आणि हिरड्यांनी शुगर खराब.

मग एक बारीक सळई, तिच्यावर काळ्या रेघा, ती प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीत घालून मॅडम आकडे सांगायच्या आणि सिस्टर लिहायची, तीन, चार, सहा, सात. तीनपर्यंत ठीक म्हणे, सात मिलीमीटर ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. खड्डा साफ केला, आणि हिरडीखालून मुळांपर्यंत सफाई चार बैठकीत केली, बधिर करून, एका वेळी एकच भाग. प्रत्येक वेळी बोटाला टोचून शुगर बघूनच सुरुवात. आमच्या शुगरच्या डॉक्टरांशी स्वतः फोनवर बोलल्या, त्यांनी गोळ्या बदलल्या.

तीन महिन्यांनी रिपोर्ट 8.4. यात मोठा वाटा गोळ्यांचा, हे मॅडमनीच स्पष्ट सांगितलं, हिरड्यांच्या सफाईनं साधारण 0.4 पर्यंत उतरते म्हणाल्या, सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं नाही म्हणून माझा विश्वास जास्त बसला. खड्डा भरला, उशी कोरडी, बारीक ब्रशनं दातांच्या फटी नाना रोज रात्री स्वतः साफ करतात. परवा भाकरी आणि ठेचा खाल्ला, आईनं विचारलं दुखतं का तर म्हणे, "आते बरं शे."

खर्च सगळा मिळून साडेसहा हजार, आम्हाला जड गेला पण प्रत्येक पैशाची पावती दिली. दवाखाना पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्या माणसाचे हाल होतात, याचं काहीतरी कराच मॅडम. दुपारी फोन कोणी उचलत नाही. नवीन बस स्टँडवरून रिक्षानं दहा मिनिटं. घरात कोणाला शुगर असेल तर सकाळचीच वेळ घ्या, नाश्ता आणि गोळी झालेली असू द्या, रिपोर्टची फाइल आणि चालू गोळ्यांची पानं सोबत न्या, तिथे पहिलं तेच बघतात.