बदललेलं नसलेलं ब्रेक ऑइल आणि कुंभार्ली घाट

गॅरेजच्या बिलावर ‘टायमिंग बेल्ट किट, रु. ६,५००’ अशी ओळ होती. टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा. गाडी आमची २०१२ ची पेट्रोल वॅगनआर. तिच्या के-१० इंजिनाला टायमिंग बेल्ट नसतोच, चेन असते. जी वस्तू गाडीत नाही ती बदलल्याचे पैसे घेतले गेले. पण हे लिहितेय ते बेल्टसाठी नाही, ब्रेकसाठी.

बाबांच्या गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर गाडी चिपळूणला घरामागच्या शेडमध्ये उभीच राहिली. दोन-तीन पावसाळे तसेच गेले. आमच्या दमट हवेत उभ्या गाडीचं काय होतं ते कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. ब्रेकच्या डिस्कवर गंज, सीटवर बुरशी, बॉनेटखाली उंदरांचा संसार, बॅटरी पार मेलेली. ओळखीतून कळलेला एक गॅरेजवाला घरी आला. त्याने आपली बॅटरी जोडून किल्ली मारली, स्टार्टर फिरला, पण गाडी चालू होईना. लगेच म्हणाला, “ताई, इंजिन जाम झालंय, खोलावं लागेल,” आणि टोचन करून घेऊन गेला.

इंजिन खरंच जाम असेल तर स्टार्टर ते फिरवूच शकत नाही. शंका असेल तर स्पार्क प्लग काढून, क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरच्या चाकाच्या) बोल्टला पाना लावून हाताने फिरवून बघायला सांगा, तेही तुमच्यासमोर. फिरलं तर जाम नाही. आमची गाडी चालू झाली ती शिळं पेट्रोल काढून, इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) साफ करून आणि उंदरांनी कुरतडलेली, टाकीतल्या पेट्रोलच्या पंपाची वायर जोडून. इंजिन कधी उघडलंच नव्हतं. बिलात मात्र इंजिनचं काम होतं, नवा पंप होता, चार नवे टायरही होते. जुने पार्ट मागितले तर उत्तर आलं, “भंगारवाला घेऊन गेला.”

त्यानंतर बाबांना कराडला डॉक्टरांकडे नेलं. परत येताना कुंभार्ली घाट उतरत होतो, आई-बाबा मागच्या सीटवर. निम्म्या उतारावर ब्रेकचं पेडल पोकळ लागायला लागलं, आणि पुढच्या वळणाला पाय थेट तळाला टेकला. गिअर खाली आणत आणत, हँडब्रेक थोडा थोडा ओढत गाडी डोंगराच्या कडेला थांबवली. आई काही बोलली नाही, नुसती माझा खांदा धरून बसली होती. त्या गॅरेजवाल्याला मी पैशांसाठी एक वेळ माफ करीन, यासाठी कधीच नाही.

पेडलचा दाब चाकांपर्यंत नेतं ते ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ३ दर्जाचं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरला की ही मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. घाटात सतत ब्रेक दाबला की कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटा घेणारे भाग, तापतात, आतलं पाणी उकळून वाफ होते, आणि मग पायाचा सगळा जोर ती वाफ दाबण्यातच जातो. चाकापर्यंत काही पोचत नाही. म्हणून गाडी चालो वा न चालो, हे ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं.

बिलावर ‘ब्रेक ऑइल बदलले, ब्लीडिंग केले, मागचे ड्रम साफ केले’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ब्लीडिंग म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा आणि जुनं ऑइल बाहेर काढणं. दुसऱ्या मेकॅनिकने ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं तर आत कोऱ्या चहासारखं काळपट ऑइल. नवं फिकट पिवळसर असतं. ते ज्यातून काढतात ते ब्लीडरचे निपल गंजून बसलेले, त्यांना पाना लागलेलाच नव्हता. मागच्या चाकाचा ब्रेक दाबणारा एक व्हील सिलिंडर जाम. टायरवर काळं पॉलिश मारलेलं होतं, आणि टायरच्या कडेवर छापलेल्या डॉट क्रमांकाचे (ऑइलच्या डॉटशी याचा संबंध नाही) शेवटचे चार आकडे ३४१६, म्हणजे २०१६ सालचा चौतिसावा आठवडा. हे चार आकडे पैसे देण्याआधी प्रत्येक टायरवर वाचा. जुने पार्ट परत हवेत हे गाडी सोडतानाच लिहून द्या, आणि ब्रेक ऑइल बदलताना स्वतः उभे राहा. घाटात नेण्याआधी गावातच मोकळ्या रस्त्यावर ब्रेक नीट तपासून घ्या.

पक्कं बिल दिलेलं नव्हतं. तरी व्हॉट्सअॅपवर आलेला बिलाचा फोटो, यूपीआयची नोंद, दुसऱ्या मेकॅनिकचं लेखी म्हणणं आणि उघडलेल्या ड्रमचे फोटो हाताशी होते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी बोलले. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि वस्तू वा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील लावायलाच हवा असंही नाही.

टायरवरचे आकडे दाखवल्यावर गॅरेजवाल्याने टायरचे पैसे परत केले. ब्रेक ऑइल मात्र “बदललं होतं” असंच तो अजून म्हणतो. त्याची तक्रार आयोगाकडे दिली आहे.